मंगलच्या गोळीपायी लातूरला

लातूरहून आल्यापासून गल्लीतल्या बायका विचारतात, काय झालं तिकडं, सांग की. मला तोंडानं सांगता येत नाही. चार जणी समोर बसल्या की माझं बोलणं अर्ध्यात तुटतं, आणि दुसरीच कुणी ते पुरं करते, तेही चुकीचं. म्हणून लिहून ठेवते. शाळा चौथीपर्यंत झाली, त्यामुळे हात हळू चालतो. कुणाला वाचायला देईन की नाही ते अजून ठरवलं नाही.

मंगल माझी धाकटी जाऊ. तिच्या हातांचे सांधे सुजतात. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, वेणी घालता येत नाही, ब्लाऊजची हुकं मी लावते. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं की अंगाची राखण करणारी जी ताकद असते तीच उलटते आणि आपल्याच सांध्यांना खाते. आठवड्यातून एकदा घ्यायची एक गोळी त्यांनी दिली. तिनं मळमळ झाली, गुण थोडाच आला. मग ते म्हणाले, लातूरच्या एका दवाखान्यात नवीन गोळीची तपासणी चालू आहे. तिथं जा, बसत असाल तर घेतील. सगळं फुकट.

फुकट हा शब्द ऐकला आणि माझ्या मनात शक आला. आमच्याकडं फुकट काही मिळालं तर त्याच्या मागून कुणीतरी येतंच.

मंगलचा नवरा विलास साखर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवतो. हंगाम सोडून त्याला येता येईना. निघायच्या आदल्या दिवशी तो दारात उभा राहून म्हणाला, "वहिनी, तुम्हीच जा तिच्यासंगं. तुमच्या नजरेतून काय सुटत न्हाई. तुम्ही हाव म्हणल्या तर हाव, न्हाई म्हणल्या तर न्हाई. मंगलला काय, ती कुठं बी सही करंल."

"करंलच," मंगल आतून ओरडली. "सही करायला तरी हात चालतोय तवर करू द्या."

म्हणजे ओझं माझ्यावर आलं. नाही म्हटलं तर तिची बोटं अशीच वाकडी होत जाणार. हो म्हटलं आणि काही वाईट झालं तर या घरात मी कोणत्या तोंडानं राहणार?

नांदेड

आमच्या उमरीहून सकाळच्या गाडीनं नांदेडला उतरलो तेव्हा पिशवीला तेलाचा वास येत होता. शिदोरीतल्या ठेच्याचा डबा कलंडला होता आणि तेल थेट मंगलच्या हाताच्या फोटोच्या पाकिटात शिरलं होतं. एक्स-रे मी पदरानं पुसला. हाडं दिसत होती तशीच दिसली, पण वास काही गेला नाही. मंगल हसली, म्हणाली, "डॉक्टरला भूक लागंल, आक्का."

माझी भाची प्रज्ञा नांदेडला राहते. थोरल्या भावाची मुलगी. ती औषधं बनवायचं शिकली आहे आणि तेच काम करते. मला वाटायचं, म्हणजे खलबत्ता, बाटल्या, रंगीत पाणी. रविवार होता म्हणून ती आम्हाला तिच्या कामाच्या जागी घेऊन गेली. चपला बाहेर काढल्या. आत एक फ्रिज, काचेच्या नळ्या आणि बाकी सगळे कॉम्प्युटर. एका कॉम्प्युटरवर तिनं एक चित्र आणलं. निळ्या-लाल धाग्यांचं गाठोडं, आणि मधोमध एक खोलगट जागा.

"आत्या, हे किनेज," ती म्हणाली. "पेशीच्या आत निरोप पोचवायचं काम याचं. सूज आण, असा बाहेरून निरोप आला की हा पुढं ढकलतो. मंगलआत्याच्या अंगात तो निरोप थांबतच नाही."

"मग दाबायचं की त्याचं तोंड," मंगल म्हणाली.

"तेच तर काम आहे माझं. पण असे किनेज अंगात शेकड्यांनी आहेत आणि सगळ्यांची ही मधली जागा जवळजवळ सारखी." तिनं चार गाठोडी शेजारी शेजारी लावली. मला चारही एकसारखीच दिसली. "हे चार सख्खे भाऊ. ही खोलगट जागा म्हणजे त्यांचं ताट. ताटात जेवण पडलं की तो कामाला लागतो. औषध म्हणजे त्या ताटावर बसणारं झाकण. जेवण नाही, तर निरोप नाही. पण ताटं एका साच्यातली, त्यामुळे झाकण चौघांवरही बसतं."

"बसू दे, काय बिघडलं?" मी हळूच विचारलं.

"हा पहिला सुजेचा निरोप नेतो. हा दुसरा अंगात नवीन रक्त तयार करायचा निरोप नेतो. त्याचं ताट झाकलं की रक्त कमी पडतं. बाकीच्यांची झाकली की अंगाची राखण ढिली होते, नागीण उठते, झोपलेला टीबी जागा होतो. म्हणून एकाचंच झाकायचं आणि दुसऱ्यांना जेवू द्यायचं. आता बघ, पहिल्याच्या ताटाला इथं कडेला जरासा पोचा आहे. दुसऱ्याच्या ताटाला तिथं पोचा नाही. त्या पोच्यात बरोबर बसेल अशी शेपटी मी झाकणाला लावते. म्हणजे ते पहिल्यावर घट्ट बसेल आणि दुसऱ्यावरून निसटेल."

"आमच्या घरच्या ताटांना पोचेच पोचे हायत," मंगल म्हणाली. "तिकडं ये शिकायला."

प्रज्ञा हसली. मी हसले नाही. माझ्या डोक्यात ते दुसरं ताट बसलं होतं.

"तुझं बसलं का मग?"

"इथं कॉम्प्युटरवर छान बसलं, आत्या. खरोखर तयार करून नळीत तपासलं तर दुसऱ्या भावालाही चिकटलं. सोडून दिलं."

"म्हणजे तुमचा कॉम्प्युटर खोटं बोलतो."

"खोटं नाही. त्याला जेवढं माहीत तेवढंच तो सांगतो. अंग त्याच्यापेक्षा लबाड असतं."

"आन् लातूरची गोळी?"

"ती दुसऱ्या कुणाची आहे. तिच्या आतलं मला माहीत नाही. याच जातीची आहे, एवढंच ऐकून आहे."

मला जे विचारायचं होतं ते बाहेर आल्यावर विचारलं. गाड्यावर ती आमच्यासाठी डोसे सांगत होती. आमच्याकडं सकाळी भाकरी नाहीतर चुरमुऱ्यांची सुशीला असते. इथं चांगल्या घरचे लोक रस्त्यावर उभे राहून न्याहारी करत होते. मी तिच्या कानाजवळ जाऊन म्हणाले, "प्रज्ञा, तुझ्या आईला दिली असतीस ही गोळी?"

तिनं आधी गाडेवाल्याला पैसे दिले. मग म्हणाली, "दिली असती. पण रक्त तपासत तपासत. डोळे झाकून नसती दिली."

हे हो आहे की नाही, हे मला कळलं नाही. डोसा मंगलनं दोन्ही हातांनी धरून खाल्ला, एका हातानं तुकडा तुटत नव्हता. गाडेवाला आमच्याकडं बघत होता, म्हणून मी तिच्या पुढ्यात आडवी उभी राहिले.

चाकूरपर्यंत

दुसऱ्या दिवशी लातूरची एसटी. लोहा मागं पडल्यावर जमीन हळूहळू चढायला लागते. अहमदपूरजवळ बोडके डोंगर येतात आणि मग पुन्हा काळी सपाट रानं. आमच्या बाजूला गोदावरी जवळ, विहिरींना थोडं तरी पाणी राहतं. इकडं तूर काढून झाली होती, धसकटं उभी होती आणि मधेच हरभऱ्याचे हिरवे तुकडे. एक बाई डहाळ्यांचा भारा घेऊन चढली आणि मंगलला न विचारता एक जुडी तिच्या मांडीवर ठेवली. मंगलची बोटं घाटे फोडू शकत नाहीत. मी फोडत गेले, ती खात गेली.

समोरच्या बाकावर एक टोपीवाले काका होते. कुठं निघालात, कशासाठी, सगळं त्यांनी मंगलकडून काढून घेतलं. मग म्हणाले, "बाई, उंदरावर करून झालं, आता माणसावर करून राहिलेत. मोठ्या शहरातली माणसं मिळत न्हाईत, म्हणून मराठवाड्यात येतेत. आपल्यावाणी गरीब कुठं मिळणार?"

माझ्या मनातलंच बोलले, तरी मला त्यांचा राग आला.

मंगल म्हणाली, "काका, माझी बोटं बघा. उंदराची बी यापेक्षा बरी असत्याल."

चाकूरला गाडी थांबली. काका उतरले आणि खिडकीशी येऊन भज्यांचा कागद आत दिला. म्हणाले, "खा पोरींनो. सही करायच्या आधी समदं विचारून घ्या, लाजू नका." शेवटचं वाक्य माझ्याकडं बघून बोलले. एवढ्या वेळात मी त्यांच्याशी एक शब्दही बोलले नव्हते, तरी त्यांना कसं कळलं कोण जाणे.

लातूर

लातूरमध्ये शिरलं की आधी शिकवण्यांच्या पाट्या दिसतात. पास झालेल्या पोरांचे फोटो, माणसापेक्षा मोठे. रस्त्यानं पाठीवर दप्तरं घेतलेली पोरं घोळक्यानं चालतात. एवढ्या हुशार पोरांच्या गावात औषध तपासायला उमरीहून माणूस कशाला लागतं, असं मला वाटलं.

दवाखान्याच्या मागे नातेवाइकांना राहायला खोल्या होत्या. खोली झाडणाऱ्या मावशीनं आल्या आल्या बजावलं, "नळ उघडा ठिवायचा न्हाई. बादलीतलं तांब्यानं घ्यायचं." पाणी आता येतं की, असं मंगल म्हणाली, तर मावशी म्हणाली, "येतंय. पर लातूरच्या माणसाचा पाण्यावर इस्वास न्हाई." हे बोलणं मला आवडलं. त्या गावात माझ्यासारखं कुणीतरी भेटलं.

सकाळी तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर बसलो. शेजारी एक जाडजूड बाई होती, निलंग्याच्या बाजूच्या एका खेड्यातली. नाव गौराबाई. तिनं डबा उघडला, तिळाचे धपाटे आणि दही.

"कुठल्या म्हणायच्या तुम्ही?"

"उमरीकडच्या," मी म्हणाले.

"तसं न्हवं," ती म्हणाली आणि तिची नजर मंगलच्या गळ्यातल्या बुद्धाच्या पदकावर गेली. आता डबा बंद होणार, असं मला वाटलं. अशी वेळ मी खूप वेळा बघितली आहे. पण तिनं डबाच आमच्या मांडीवर सरकवला. "खावा. इथं समद्यांची बोटं एकाच जातीची हायत."

ती हसली तेव्हा तिच्या हिरड्या मला दिसल्या. पांढुरक्या होत्या.

गौराबाई आणि तिची बहीण शांता, दोघींना हाच आजार. सख्ख्या बहिणी, एकाच घरात दोघा भावांना दिलेल्या. दोघी काही महिन्यांपासून या तपासणीत होत्या. शांता रक्त द्यायला आत गेली होती.

"गुण हाय का?" मंगलनं विचारलं.

"हाय की. मूठ वळती अर्धी. जिना चढताना तेवढा दम लागतोय."

"पण म्हणत्यात की काहींना रिकामी गोळी देतेत," मी म्हणाले. हे आम्हाला कागद घेऊन बसणाऱ्या मुलीनं आल्या आल्या सांगितलं होतं. काहींच्या बाटलीत खरी गोळी, काहींच्या बाटलीत दिसायला तशीच पण आत औषध नसलेली. कुणाला कोणती, हे डॉक्टरलाही माहीत नसतं. काही महिन्यांनी सगळ्यांना खरी.

गौराबाईनं इकडं तिकडं बघितलं आणि माझ्याजवळ सरकली. "आमी त्याच्यावर तोड काढली, अव्वा. एकीला खरी आन् एकीला रिकामी, हे कसं चालंल? आमच्या घरात एक पेरू आला तरी दोन फोडी होतेत. मी दोन्ही बाटल्या एका डब्यात वतल्या. हात घालायचा, येईल ती खायाची. दोघींच्या बी पोटात सारखं जातंय."

मंगल टाळी द्यायला गेली, पण हात दुखला म्हणून नुसती हसली. "भारी केलंत की!"

मलाही आधी तसंच वाटलं. डॉक्टर लोकांनी एवढं लपवून ठेवलेलं, आणि या दोघींनी एका डब्यात मोडून टाकलं.

तेवढ्यात आम्हाला आत बोलावलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी मंगलची बोटं एकेक दाबून बघितली, एक्स-रे पाकिटातून काढला, नाकाजवळ नेला आणि म्हणाल्या, "ठेचा लसणाचा दिसतोय." मंगल एवढी हसली की वातावरण सैल झालं. मला मात्र वाटलं, अशीच सैल करून सही घेत असतील.

कागदवाल्या मुलीनं कॅमेरा लावला. मी मंगलच्या खुर्चीमागं सरकले.

"हे कशाला?" मी विचारलं. आवाज मला स्वतःलाच ऐकू आला नाही, पण त्यांनी ऐकला.

"आम्ही समजावून न सांगता सही घेतली, असं होऊ नये म्हणून. सांगताना आमचं चित्र निघतं. तुम्ही काय विचारता तेही निघतं. विचारा."

त्यांनी कागद वाचून दाखवला. टीबी झोपलेला आहे का ते बघणार. रक्त, लघवी, छातीचा फोटो. दिवस राहू द्यायचे नाहीत. मी मान खाली घालून म्हणाले, "तिचं ऑपरेशन झालंय." मंगलच म्हणाली, "दोन पोरं हायत, बास झाली." नागीण उठू शकते. क्वचित रक्ताची गाठ होऊ शकते. वाटेल तेव्हा सोडता येतं, सोडलं तरी दवाखाना बंद होत नाही.

सगळं वाईट ते स्वतःच सांगत होते. मला तेही खटकलं. विकणारा माणूस आपल्या मालातला किडका दाणा कधी दाखवतो का? आणि दाखवला, तर मोठा कोणता लपवत असेल?

"अजून काही?" त्यांनी विचारलं.

चाकूरच्या काकांची आठवण झाली. मी पदर घट्ट धरला. "ही गोळी दुसऱ्या भावाच्या ताटावर बी बसती का? रक्त तयार करतो त्याच्या?"

त्यांना काही कळेना. मग मंगलनं तिच्या पद्धतीनं प्रज्ञाची गोष्ट सांगितली, ताटं, झाकण, पोचा. बाईंनी सगळी नीट ऐकली. म्हणाल्या, "थोडी बसते. पहिल्यावर जास्त, दुसऱ्यावर थोडी. किती थोडी, आणि तेवढ्यानं माणसाला त्रास होतो का, हेच तर बघतोय. म्हणून दर खेपेला रक्त. कुणाचं रक्त कमी झालं, तर त्याच्या नावाची बाटली खरी होती की रिकामी, ते शेवटी उघडून बघता येतं. खरी असेल तर दोष गोळीचा. रिकामी असेल तर कारण दुसरं काही."

त्या पुढं बोलत होत्या, पण मला ऐकू येईना. मला गौराबाईच्या हिरड्या दिसत होत्या.

"गोळ्या एकमेकींत मिसळल्या तर?" मी म्हणाले.

बाईंचं लिहिणं थांबलं. "कुणी मिसळल्या?"

"असंच विचारलं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघितलं. कॅमेरा चालूच होता. मग मी मंगलला म्हणाले, "थांब, सही करू नको," आणि बाहेर आले.

बाकावर आता शांताही बसली होती. रोडकी, गौराबाईच्या निम्मी. दोघी एकाच डब्यातून खात होत्या. मी समोर उभी राहिले. मला असं कुणाच्या समोर उभं राहायची सवय नाही.

"गौराबाई, तुम्ही आत जाऊन सांगा, डब्यात वतलं म्हणून."

"येडी का काय? काढून टाकतील आमाला."

"तुमच्या हिरड्या पांढऱ्या पडल्यात. दम लागतोय म्हणता. रक्त कमी झालं असंल."

"आसंल. बाईमाणसाचं कवा जास्त असतंय?"

"समजा तुमच्या नावाची बाटली रिकामी होती. त्या शेवटी बाटलीवरचं बघणार आणि म्हणणार, ह्या बाईनं रिकामी गोळी खाल्ली, तरी रक्त कमी झालं, म्हणजे गोळीचा दोष नाही. आणि तुम्ही तर शांताबाईची खरी खात होतात. मग तीच गोळी चांगली म्हणून माझ्या जावेला देणार. आणखी किती जणींना देणार."

एवढं सलग मी आयुष्यात कुणाशी बोलले नसेन. शांता खाता खाता थांबली.

गौराबाईचा चेहरा लाल झाला. "माझं धपाटं खाऊन माझ्यावरच उलटलीस व्हय? कंपनीनं पाठिवलंय काय तुला?"

"मला कंपनीवर भरवसा नाही," मी म्हणाले. "म्हणून तर म्हणते. त्यांना खोटं बोलायचं असंल तर बोलू द्या. आपण कशाला त्यांच्यासाठी खोटं करायचं?"

शांताच उठली. आधी तिनं डब्याचं झाकण लावलं. मग बहिणीचं मनगट धरलं, बोटं नाही, मनगट. म्हणाली, "चल, आक्का. मला बी रातीचा दम लागतोय. मी तुला सांगितलं न्हाई."

दोघी आत गेल्या. आत बसलेल्या मंगलला बाहेर पाठवलं, ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. दार पुरतं लागत नव्हतं. आधी गौराबाईचा आवाज आला. बाई रागावतील, असं मला वाटलं. आरडाओरडा नाही झाला. उलट त्यांनी दोघींच्या पापण्या खाली ओढून बघितल्याचं दिसलं, आणि मग त्या फोनवर कुणाशी तरी बोलायला लागल्या.

"दोघींच्याही गोळ्या आजपासून बंद. हो, दोघींच्या." मग पलीकडचं कुणी काहीतरी म्हणालं असावं. "नाही, असं सोडून नाही देता येणार. जसं झालं तसं लिहायचं. माणसं कमी पडतील तर पडू देत, मी सांगेन कंपनीला. आधी रक्त पाठवा."

मी ते शब्द तिथंच मनात घट्ट बांधून ठेवले. पलीकडचा माणूस काय म्हणाला असेल, ते मी ओळखलं. सोडून द्या, कुणाला कळणार आहे, असंच म्हणाला असेल. आमच्याकडं राशनच्या दुकानापासून पंचायतीपर्यंत सगळे तेच म्हणतात. इथं समोर कुणी बघणारं नसताना एक बाई नाही म्हणाली. दार नीट लागत नाही, हे तिला माहीत होतं का, असाही विचार माझ्या मनात येऊन गेला. पण तेवढ्यासाठी कुणी आपल्या हातानं दोन माणसं घालवत नाही.

तासाभरानं गौराबाई बाहेर आली. डोळे कोरडे होते. "बंद केल्या. रक्त लई खाली आलंय, माझं जास्त, हिचं कमी. इलाज करतेत, फुकटच. पर गोळी बंद." तिनं आपली मूठ वळवून दाखवली, अर्धी वळली. "ही आता परत उघडी राहील. झालं तुझं समाधान?"

मंगल म्हणाली, "आमच्या आक्कानं तुमचा जीव वाचवला म्हणा की."

"जीव वाचला, आन् हात गेला," गौराबाई म्हणाली. मग जाता जाता वळली. "उद्या तुझ्या जावंला रिकामी मिळाली, तर काय करशील?"

"मिळू द्या," मी म्हणाले. पण ती जिन्यावर पोचली होती. एका पायरीवर थांबून तिनं दम घेतला, शांता तिच्यासाठी थांबली, मग दोघी दिसेनाशा झाल्या.

आम्हाला परत बोलावलं. मंगलनं सहीचा पेन मुठीत धरला, दोन बोटांत तो तिला धरता येत नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "आक्का, हाव का न्हाई? तुम्ही म्हणाल तसं. न्हाई म्हणलात तरी मी रुसायची न्हाई."

ती रुसणार नाही, हे मला माहीत होतं. रुसली असती, तर सोपं गेलं असतं.

"कर," मी म्हणाले. "पण दर खेपेला मी संगं येणार. आणि रक्ताचं काय आलं ते मला सांगायचं, मराठीत."

शेवटचं मी डॉक्टरीणबाईंकडं बघून म्हणाले. कॅमेऱ्यात आलं असेल.

घरी

परतीचं सांगण्यासारखं काही नाही. चाकूरला भजी घेतली. मंगल खिडकीशी झोपली होती. विलासला फोन केला, हाव म्हणाले. तो म्हणाला, "तुम्ही हाव म्हणलात म्हणजे चांगलंच असंल." मला ते आवडलं नाही. चांगलंच असेल असं मी म्हटलं नव्हतं.

तपासण्या बऱ्या आल्या आणि पुढच्या खेपेला बाटली मिळाली. त्या बाकावर मी गौराबाईला शोधलं. तिच्या जागी दुसरीच कुणी बसली होती. कागदवाल्या मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, त्यांचं रक्त भरून येतंय, बाकी मला सांगता येत नाही. बरोबरच आहे, मंगलचंही तिनं दुसऱ्या कुणाला सांगू नये.

आता मंगल रोज जेवणानंतर गोळी घेते. मी तिच्या पापण्या ओढून बघते, हिरड्या बघते, पाठीवर कुठं पुरळ आहे का बघते. ती म्हणते, "म्हशीला बी इतकं कुणी बघत न्हाई, आक्का." बघू दे म्हणावं. खरी गोळी असली तरी मला भीती वाटते आणि रिकामी असली तरी वाटते. दोन्ही भीती वेगवेगळ्या आहेत आणि मला त्या आळीपाळीनं येतात.

परवा गोधड्या धुवायला काढल्या होत्या. पाणी प्यालेली गोधडी एकटीला उचलत नाही. एरवी मी ती दगडावर टाकते, निथळून हलकी व्हायची वाट बघते. मी एक टोक उचललं आणि बघते तर दुसरं टोक मंगलनं धरलेलं. मी म्हणाले, सोड, दुखेल. ती म्हणाली, "पिळा तुम्ही."

गोळीचा गुण आहे, की सही केली म्हणून तिच्या मनालाच उभारी आली आहे, हे तिला माहीत नाही, मला नाही, लातूरच्या बाईंनाही नाही. मी माझ्या बाजूनं पिळलं, आणि तिच्यासाठी मुद्दाम हात ढिला सोडला नाही. आधी गोधडी नुसती लोंबली. मग तिकडून पीळ यायला लागला, हळूहळू, माझ्या मनगटापर्यंत आला. पाणी दोघींच्या पायावर पडलं.

मी दुसरी गोधडी उचलली.